दोन घरांचा दाजी

सकाळचे नऊ पन्नास. संघमित्रा सोनकांबळे मांजराच्या पुढच्या पायाला रक्तदाबाचा पट्टा तिसऱ्यांदा बांधत होती. बोटभर रुंदीचा तो पट्टा माणसांच्या दवाखान्यात तान्ह्या बाळांना वापरतात. तिने तो सोडला, केस ओले केले, पुन्हा आवळला आणि मॉनिटरकडे पाहिलं. आकड्यांच्या जागी आडव्या रेघा होत्या.

"परत रेघाच?" डॉ. तेजल शहांनी मांजराच्या जबड्यातून नजर न काढता विचारलं.

"रेघाच."

"हिरड्या?"

"गुलाबी. फिकट आहेत जरा."

"श्वास?"

"चालू आहे. हळू आहे."

"घरून दिलेली गोळी चांगली बसलीय," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या दाढेला हात घातला.

मुलुंडच्या या धर्मादाय प्राणी केंद्रात मॉनिटरवर रेघा दिसणं नवं नव्हतं. मांजराचा पाय बारीक, वर केस, आणि गुंगीत शिरा आकसलेल्या. दर दुसऱ्या मांजराला यंत्र काहीच सांगत नसे. मग हिरड्यांचा रंग आणि छातीची हालचाल यांवर काम चालायचं, आणि आजवर ते निभावलं होतं.

टेबलावर करड्या रंगाचा म्हातारा बोका होता. त्याच्या हिरड्या इतक्या सडल्या होत्या की दोन महिने तो पातळ सोडून काही खात नव्हता. मागच्या सगळ्या दाढा काढायच्या होत्या. काम वेळखाऊ, म्हणून श्वासनलिकेत नळी घालून आयसोफ्लुरेन या भुलीच्या औषधाचा गॅस चालू ठेवला होता. गॅसची डायल संघमित्राच्या उजव्या हाताशी होती. डॉक्टर सांगतील तेवढी फिरवायची आणि श्वास मोजत राहायचं, हे तिचं काम.

संघमित्रा बेचाळीस वर्षांची. माहेर परभणीकडचं, पण वडील मुंबईला आल्यावर ती चेंबूरमध्ये वाढली आणि आता माहुलला राहते. चेंबूरच्या एका नर्सिंग होममध्ये ती ऑपरेशन थिएटरची मावशी होती. ते बंद पडलं तेव्हा एका ओळखीने ती इथे आली, आणि 'मांजराला भूल? काहीतरीच' असं मनात म्हणत पहिल्या दिवशी उभी राहिली. आता तिला पाच वर्षं झालीत. तिचा नवरा भीमराज माहुलमध्ये रिफायनरीच्या टँकर गेटवर कामाला आहे. पाहुण्यांना तो सांगतो, "माझी बायको मांजरांना मोजून गॅस देते. आम्हाला माहुलमध्ये न मोजता मिळतो."

सुरुवातीची वर्षं तिच्या हातांवर आहेत, ओरखड्यांच्या पांढऱ्या रेषांत. तेव्हा मांजरं पिशवीत फुत्कारत यायची. त्यांना धरायला दोन माणसं लागायची. घाबरलेलं मांजर भुलीलाही दाद देत नाही, म्हणून डायल अडीच टक्क्यांपर्यंत न्यावी लागे. गॅस वाढला की रक्तदाब पडतो आणि शुद्धीवर यायला वेळ लागतो.

मग डॉ. तेजलनी घरून गोळी देऊन आणायची पद्धत सुरू केली. गोळी म्हणजे खरं तर कॅप्सूल, गॅबापेंटिनची, माणसांच्या नसांच्या दुखण्यावर देतात तीच. आदल्या रात्री एक आणि निघण्यापूर्वी दोन तास एक. कॅप्सूल उघडायची, आतली पूड चमचाभर पातळ खाण्यात कालवायची. मांजर पेंगत येतं, ओरबाडत नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे गॅस कमी लागतो. "पोटातल्या औषधाने अर्धं काम केलेलं असतं," डॉक्टरांनी तेव्हा तिला समजावलं होतं. डायल पावणेदोनवर आली. संघमित्राच्या हाताला ती जागा इतकी पाठ झाली की न बघताही तिची बोटं बरोबर तिथेच थांबत.

आजही ती पावणेदोनवरच होती.

"मॅडम, फार हळू झाला," संघमित्रा म्हणाली. छाती वर यायची, खाली जायची आणि मग पुढच्या वेळेची वाट बघायला लावायची.

डॉक्टरांनी हत्यार खाली ठेवलं. स्वतःच डायल खाली आणली, आधी एकवर, मग अर्ध्यावर. यंत्राला जोडलेली रबरी पिशवी दाबून फुप्फुसात हवा दिली, सलाईनचा वेग वाढवला. चौथ्यांदा बांधलेल्या पट्ट्याने अखेर आकडा दिला. तो फार खाली होता. शेवटच्या दोन दाढा राहू दिल्या, तोंड उघडं ठेवणारी स्प्रिंग काढली आणि गॅस बंद केला.

गॅस बंद झाला की गोळी घेतलेलं मांजर साधारण दहा मिनिटांत घोट गिळतं. गिळलं की नळी काढायची. हा बोका गिळत नव्हता. पापणीला बोट लावलं तरी पापणी हलत नव्हती.

"घरी गोळ्या नक्की किती दिल्यात?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन. सकाळी आणला तेव्हा मी विचारलं होतं."

"परत विचार."

बोक्याला घेऊन आले होते धाकू परब. घाटकोपरच्या एका पुनर्वसन इमारतीत तळमजल्यावर एकटेच राहतात. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वॉचमनकी केली आणि आता तेही बंद. पण केंद्रात या बोक्याचं नाव आणि फोन नंबर लावला होता त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या प्रियंकाने. दहा दिवसांपूर्वी तपासायला तिनेच आणलं होतं. ती विमानतळावर सामानाच्या काउंटरवर काम करते. आज तिची पहाटेची पाळी, म्हणून आणायचं काम तिने परबकाकांवर सोपवलं होतं. संघमित्राने आधी तिलाच फोन लावला.

"ताई, झालं का? मफिन कसाय?"

"शुद्धीवर यायचाय अजून. गोळ्या कोणी दिल्या गं घरी?"

"मीच. रात्री एक, पहाटे निघताना एक. बोंबलाच्या पाण्यात. का हो?"

"परबकाकांना बोलली होतीस का तसं?"

"काकांना कशाला? ते विसरतात यार सगळं. गॅसवर दूध ठेवून बाहेर जातात. त्यांना एवढंच सांगितलं, रिक्षात घाला आणि आणा. झालंय काय, ताई?"

"करते तुला फोन," संघमित्रा म्हणाली आणि बाहेर गेली.

परब बाकावर रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. तिला बघून उठले. "झाला?"

"नाही अजून. काका, गोळ्या दिल्या म्हणालात ना सकाळी?"

"दिलंय ना. दोनव. राती एक आणि सकाळी एक. दह्यात घालून. दाजीन चाटून पुसून खाल्ल्यान."

ते त्याला दाजी म्हणत. बहिणीच्या नवऱ्यासारखा जेवणाच्या वेळेला बरोबर येऊन बसतो आणि कितीही केलं तरी त्याचं समाधान नाही, म्हणून दाजी.

"तुम्हाला गोळ्या कुठे मिळाल्या?"

"तुझ्याकडसूनच नेलंय गो बाय. सोमवारी नाय इलंय? तू बोललंस, कोणाची? मी बोललंय, दाजीची."

तेव्हा संघमित्राला सोमवार आठवला. त्या इमारतींच्या आवारात केंद्राची नसबंदीची मोहीम चालू आहे. मांजरांना खाऊ घालणारी माणसं काउंटरवर येतात, आपापल्या मांजराचं नाव सांगतात आणि पुडी घेऊन जातात. शनिवारी प्रियंका मफिनची पुडी घेऊन गेली. सोमवारी परब दाजीची घेऊन गेले. एकाच इमारतीतली दोन मांजरं, असं समजून तिने दोन्ही पुड्या दिल्या होत्या.

"प्रियंका देणार होती ना गोळ्या. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"ती?" परब हसले. "ती पोर रात्रीचो दिवस करता. स्वतः जेवलंय की नाय ता तिका आठवणा नाय, तर दाजीची गोळी खयसून आठवतली? म्हणान मीच इलंय आणि घेऊन गेलंय."

दोघांनाही दुसरा विसरणार याची खात्री होती. विसरलं कोणीच नव्हतं. बोका पहाटे चौथ्या मजल्यावर बोंबलाचं पाणी प्याला, जिना उतरून खाली आला आणि त्याने दही खाल्लं.

सकाळी परबांनी पिशवी उघडली तेव्हा तो आत ओल्या फडक्यासारखा पसरलेला होता. "काय शहाणं मांजर आहे हो," असं संघमित्राच म्हणाली होती. परबांना बरं वाटलं होतं.

तिने आत जाऊन सांगितलं. डॉ. तेजलनी बोक्याची पापणी पुन्हा उघडून पाहिली.

"म्हणजे दुप्पट. त्यावर आपला नेहमीचा गॅस."

"उतारा?"

"याला उतारा नाही. काही औषधांना असतो, सुई दिली की मांजर उठून बसतं. हे मूत्रपिंडातून जेवढं बाहेर पडेल तेवढंच. आणि याचं वय बघ." त्यांनी हातमोजे काढले. "ऊब दे, सलाईन चालू ठेव, श्वास मोज. दुसरं काही करण्यासारखं नाही."

संघमित्राने रबरी हातमोज्यांत कोमट पाणी भरून गाठी मारल्या आणि ते बोक्याच्या पोटाशी, पाठीशी लावले. पाणी निवलं की बदलायचं. दर थोड्या वेळाने त्याची कूस पालटायची, नाहीतर खालचं फुप्फुस दबतं. एवढं सोडता तिला करण्यासारखं काही नव्हतं. बाकीची मांजरं मात्र थांबणार नव्हती. तीही गोळ्या घेऊन आली होती, त्यांची गुंगी उतरायच्या आत ती घ्यायला हवी होती. ती टेबलाशी जायची, डायल धरायची, आणि दोन ऑपरेशनांच्या मधे बोक्याच्या छातीवर हात ठेवायला यायची. पुढच्या एका मांजराच्या वेळी पावणेदोनवर गेलेली तिची बोटं तिने मागे घेतली आणि डॉक्टरांकडे पाहिलं.

"किती ठेवू?"

"एकपासून सुरू कर. बघू," डॉक्टर म्हणाल्या. हे त्यांनी याआधी कधी तिला सांगितलं नव्हतं.

बाहेर परबांनी दोनदा दार ढकलून विचारलं. दुसऱ्यांदा त्यांच्या हातात चहाचे दोन पेले होते.

"एक तुका. कवापासून उभी हस."

"काका, मला आत चालत नाही."

"मग भायर ये आणि पी. तू बघून तो लवकर उठतलो काय?"

ती बाहेर जाऊन उभ्यानेच चहा प्याली. तेव्हाच तिने त्यांना सांगितलं की गोळ्या दोन्ही घरांतून गेल्या. परबांना ते समजायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "बोंबलाच्या पाण्यात?" आणि थोड्या वेळाने, "तरीच दही खाताना हळू खाय होतो." पेला त्यांच्या हातात तसाच राहिला.

अडीचच्या सुमाराला बोक्याने घोट गिळला. नळी निघाली. तासाभरात त्याने मान उचलली, पाडली, पुन्हा उचलली. संघमित्राने डॉक्टरांना हाक मारली आणि परबांनाही आत घेतलं, जे एरवी ती करत नाही.

"दाजी," परब म्हणाले.

बोका आवाजाकडे वळला. पुढच्या पायांवर रेटून उठला, तीन पावलं टाकली आणि पिंजऱ्याच्या जाळीवर कपाळ आपटून थांबला. मागे सरकला, पुन्हा तिथेच आपटला.

"अजून उतारली नाय हा," परब म्हणाले. "दारू प्यायल्यावानी करता."

संघमित्राने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. वर ट्यूबलाइट होती आणि बाहुल्या काळ्याभोर, डोळाभर पसरलेल्या. तिने तोंडासमोर हात नेला, डोळ्याजवळ एकदम आणला. पापणी लवली नाही. डॉक्टरांनी खिशातली बॅटरी काढून एकेका डोळ्यावर मारली. डावी बाहुली हलली नाही. उजवी हलली की नाही, यावर दोघींचं एकमत झालं नाही.

"काका, बसा," डॉक्टर म्हणाल्या.

"मी उभोच बरो."

"रक्तदाब बराच वेळ खाली होता. तेव्हा डोक्याला रक्त कमी गेलं. तोंड इतका वेळ उघडं ठेवलं, त्यानेही मांजरांमध्ये कधी कधी असं होतं. नक्की कशाने, ते मला सांगता येणार नाही. त्याला आत्ता दिसत नाहीये."

"आत्ता म्हणजे?"

"काहींना काही आठवड्यांत दिसायला लागतं. काहींना थोडं दिसतं. काहींना नाही."

"ह्याचा काय?"

"माहीत नाही."

"औषध?"

"डोळ्यांसाठी काही नाही. वाट बघायची."

परबांनी मान हलवली, हिशेब पटला नाही पण वाद घालायचा नाही अशा माणसासारखी. मग जाळीत बोट घातलं. बोक्याने बोट हुंगलं आणि त्यावर गाल घासला.

प्रियंका पाळी संपवून गणवेशातच आली. तिला फोनवर अर्धंच कळलं होतं. उरलेलं संघमित्राने सांगितलं. ऐकून ती परबांकडे वळली.

"काका, मला विचारायचं तरी ना."

"तू माका विचारलंस?"

"मी कशाला विचारू? मांजर माझं आहे. डॉक्टरकडे मी आणलं, नाव मी लावलं."

"नाव लावलंस, मफिन. पावाचा नाव. तो सकाळी कोणाच्या दारात बसता ता बिल्डिंगमध्ये विचार."

"आणि रात्री कोणाच्या गादीवर झोपतो ते पण विचारा."

"झोपता. जेवक माझ्याकडे येता."

"खाऊन येतो तुमच्याकडे, काका. माझ्याकडे खाऊन. तुम्ही दुसऱ्यांदा घालता, म्हणून एवढा जाडा झाला होता."

प्रियंका बोलायची तेव्हा बोक्याचं तोंड तिच्याकडे वळायचं, परब बोलायचे तेव्हा त्यांच्याकडे. दोघंही गप्प झाली तेव्हा ते मधेच कुठेतरी, भिंतीकडे राहिलं. प्रियंकाने ते पाहिलं आणि तोंड फिरवून रुमाल शोधू लागली.

"चूक कोणाची ता सांगा," परबांनी डॉक्टरांना विचारलं. आवाज चढलेला नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं.

"माझी," डॉ. तेजल म्हणाल्या. "तो किती गळालाय ते बघून मी गॅस कमी करायला हवा होता. आकडा येत नव्हता तेव्हा थांबायला हवं होतं."

"दुसरी पुडी मी दिली," संघमित्रा म्हणाली.

"गोळी तर मी खायला घातली," प्रियंका म्हणाली.

"म्हणजे सगळ्यांची," परब म्हणाले. त्याने कोणालाच हलकं वाटलं नाही.

मग प्रश्न आला न्यायचं कुठे. प्रियंकाच्या बाल्कनीला जाळी नाही, आणि ती दिवसाचे दहा तास घराबाहेर. परबांचं दार थेट आवारात उघडतं, जिथे दिवसभर रिक्षा वळतात. दार ते लावत नाहीत, लावलं तर कोंडल्यासारखं होतं त्यांना. आजवर या बोक्याला दोन घरं पुरत होती कारण मधला जिना तो स्वतः चढत-उतरत होता. आता जो कोणी नेईल त्याला बोक्याला कोंडावं लागणार होतं.

"मी जाळी लावून घेते," प्रियंका म्हणाली. "रविवारी. माणूस आला तर."

"तवसर मी दार लावतंय."

"तुमच्याच्याने होणार नाही, काका."

"नाय होवचा," परबांनी कबूल केलं.

तोपर्यंत बोका केंद्रातच ठेवायचं ठरलं. दोघं एकाच रिक्षाने गेली. परबांची पिशवी प्रियंकाच्या हातात होती.

पाच वाजता संघमित्रा काउंटरवर बसली. दुसऱ्या दिवशी येणाऱ्या मांजरांच्या घरी रोज या वेळी फोन करून गोळ्यांची आठवण करायची असते. डॉ. तेजलनी आजपासून एक प्रश्न वाढवायला सांगितला होता: या मांजराला आणखी कोण खायला घालतं?

पहिला फोन भांडुपच्या सुलक्षणाबाईंना होता. त्यांच्या आवारातली मांजरी उद्या नसबंदीसाठी पहिलीच टेबलावर होती.

"अगं, कोण कोण घालतं ते मी कसं सांगू?" सुलक्षणाबाई म्हणाल्या. "मच्छीवाली घालते. सहाव्या मजल्यावरचे दोघं घालतात. वॉचमन तर आपल्या ताटातलं देतो. का गं?"

"त्यांच्यापैकी कोणी पुडी नेलीय का आमच्याकडून?"

"आता ते मला काय माहीत? विचारू का एकेकाला?"

"विचारता येईल?"

"प्रयत्न करते. पण मच्छीवाली आता थेट परवा येणार."

संघमित्राने फोन हाताने झाकून डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर विचार करून म्हणाल्या, "मग गोळी नकोच."

"सुलक्षणाताई, तुमच्याकडची गोळी देऊ नका. तशीच घेऊन या. जाड पिशवीत आणा, ती ओरबाडेल."

"एवढी गरीब मांजर आहे आमची."

"पिशवीत घातल्यावर नसते कोणी गरीब," संघमित्रा म्हणाली.

पुढचे फोनही तिने केले. दोन घरांनी शपथेवर सांगितलं की मांजर घराबाहेर पडतच नाही. त्यांना गोळी द्यायला सांगितलं. बाकीच्यांना नको म्हणून सांगितलं. मग तिने बोक्याच्या पिंजऱ्यातली पाण्याची वाटी त्याच्या नाकापासून थोड्या अंतरावर ठेवली आणि वाटीवर नखाने टकटक केलं. तो दोनदा चुकला. तिसऱ्यांदा मिशा पाण्याला लागल्या आणि तो पिऊ लागला. त्याने वाटीत पाय घातला तेव्हा तिने फडकं आणून खालची लादी पुसली.

उद्या शुक्रवार. केंद्र साडेआठला उघडेल. पावणेनऊला डॉ. तेजल दाजीच्या दोन्ही डोळ्यांवर बॅटरी मारून बघतील. नऊला सुलक्षणाबाईंची मांजरी गोळीशिवाय टेबलावर येईल, आणि गॅसची डायल पुन्हा अडीचवर जाईल.